एका माणसाचं तिखलं

कसाल,
१० नोव्हेंबर २०२४

ती. प्रेमलता आतेस,
काजूच्या कोठीतून अक्षदाचा नमस्कार.

फोनवर मी बोलते ते तुला ऐकू येत नाही आणि तू बोलतेस ते तुझ्या अख्ख्या वाडीला ऐकू येतं, म्हणून हे पत्र. कोल्हापूरची नोकरी सोडून मी घरी आले, हे बाबांनी आपल्या बहिणीला कळवलंच असेल. कोणत्या शब्दांत कळवलं असेल याचाही मला अंदाज आहे.

तर मी मसाल्याचा धंदा सुरू केलाय. कोठीत पाकिटं भरायचं मशीन बसवलंय. फोंडाघाटाच्या वर एक शेतकरी खत-फवारणीशिवाय मिरची पिकवतो, ती आणते. तिरफळं आणि हळद आपली घरची. याला सेंद्रिय म्हणतात. बाबांना हे नीट समजावून सांगितलं तर ते म्हणाले, "आमी गरीब होतव तेवा सगळाच सेंद्रिय होता."

पण माझी खरी अक्कल पुढे आहे. मसाला किलोने विकायचाच नाही. छोटं पाकीट, एका माणसाच्या एका वेळच्या कालवणाचं. नाव ठेवलंय 'एकवेळ मसाला'. उघडा, घाला, ढवळा, विसरा. पाकिटावर माझा फोटो आहे, नऊवारीत, नथ घालून पाट्यावर वाटताना. नथ शेजारच्या रियाची, नऊवारी भाड्याची, आणि पाटा मी त्या दिवशी पहिल्यांदाच जवळून पाहिला. हे तुला कळणार, गिऱ्हाइकाला कळत नाही.

काका गेल्यापासून तू एकटीचं रांधतेस. तुझ्यासारख्यांसाठीच हे काढलंय असं मी सगळ्यांना सांगते. तुला कधी विचारलं नव्हतं, तेवढं सांगत नाही. सोबत डबाभर पाकिटं पाठवली आहेत. खरं काय ते लिही. नुसतं कौतुक लिहिलंस तरी खपवून घेईन.

तुझी
अक्षदा

*

वेंगुर्ले,
२ डिसेंबर २०२४

चि. अक्षदा,
आशीर्वाद आहेतच, ते वेगळे मागायला नकोत.

मसाला चांगला झालाय. तिरफळ किंचित जास्त आहे, पण ते तुझ्या आजीचंही व्हायचं. पाकिटावर 'सेंद्रीय' छापलंस, तिथे ऱ्हस्व हवं. मी एवढी वर्षं बालवाडीत शिकवलं, दिसलं की राहवत नाही.

सोय आहे हे कबूल करते. तुझे काका गेले तरी माझा हात दोघांचंच घालतो. मग दुसऱ्या दिवशी तेच बांगड्याचं तिखलं, तिसऱ्या दिवशी त्याच तिखल्यात तांदळाची भाकरी बुडवून. तुझ्या पाकिटाने पहिल्यांदा एका माणसाचं तिखलं एका माणसाएवढं झालं. त्या दिवशी मला जरा रडू आलं. दोष मी कांद्याला दिला.

पण बाय, चिमूटभर मसाला आणि त्याला नेसवलेलं ते चकचकीत लुगडं, हे काही पटत नाही. जेवण झाल्यावर मसाला माझ्या पोटात, आणि लुगडं कुठे? मी नगरपालिकेच्या गाडीत टाकलं आणि जबाबदारी संपली असं समजून झोपले. परवा बंदरावर फिरायला गेले होते. आमच्या शेजारच्या विमलाचा नवरा जाळं झाडत होता आणि विमला तिथून मला हाका मारत होती. म्हणाली, "वयनी, तुजी भाची जाळ्यात गावली."

खरंच तू होतीस. दोन बांगड्यांच्या मधे, पाट्यावर वाटताना. नथीचा रंग उडाला होता, हसू मात्र शाबूत होतं. तू हसतेयस आणि बाजूला मासळी तडफडतेय. सगळे हसले, मीही हसले. घरी येताना वाटलं, हे कदाचित मी टाकलेलंच असेल. मग हसू आलं नाही.

विचार कर. रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र लिही.

आते

*

कसाल,
९ जानेवारी २०२५

ती. आते,

रागावले होते. आता उतरलाय, म्हणून लिहितेय.

तुझं पत्र वाचून मी सगळी रिकामी पाकिटं परत घ्यायचं ठरवलं. कसालच्या बाजारात पेटी ठेवली, वर बाणबिण काढला. पेटी भरली, त्यातली बरीच दुसऱ्यांची, काही गुटख्याची. ती घेऊन मोठ्या ऐटीत भंगारवाल्या बाबलीकडे गेले. त्याने एक पाकीट फाडून बघितलं, आतला चंदेरी थर नखाने खरवडला आणि माझ्याकडे परत दिलं. "ह्येचा भंगार पण होना नाय," म्हणाला. फुटके नळ घेतो तो, गंजके पत्रे घेतो, रेडिओचं पोट घेतो. मला घेत नाही. पेटी कोठीत ठेवली आहे. सकाळी दार उघडलं की शेकडो मी माझ्याकडे बघून हसत असतात.

पण मार्ग सापडलाय. मक्यापासून केलेली पाकिटं मिळतात. मातीत टाकली की कुजून जातात. मागवली आहेत. फोटोही बदलला, आता नुसती मिरची आहे. मिरची जाळ्यात सापडली तर तिला लाज वाटणार नाही.

मंगेशदादा तुला नाशिकला बोलावतोय असं बाबा म्हणत होते. जाणार आहेस का? तू गेलीस तर माझी शुद्धलेखन तपासणी कोण करणार?

अक्षदा

*

वेंगुर्ले,
२० मार्च २०२५

चि. अक्षदा,

हे छापील पत्र बघून दचकू नकोस. शेजारच्या अनुजाची टायपिंगची परीक्षा आहे, तिला सराव व्हावा म्हणून मी सांगते आणि ती बडवते. चुका तिच्या आहेत. मी सांगितलेल्या ठिकाणीसुद्धा ती दुरुस्त करत नाही.

उत्तराला उशीर झाला. मधे जरा सर्दीताप होता. आता बरी आहे. नाशिकला मी जाणार नाही. मंगेश रोज व्हिडिओवर आपल्या आईला बघतो, बांगडा ताजा आहे का ते कल्ले उघडून बघावं तसं. त्याला तोंड तेवढं दिसतं, मी तोंड तेवढं दाखवते. त्याचं म्हणणं असं, की ज्या दिवशी तुझं तुला रांधता येणार नाही त्या दिवशी मी गाडी घेऊन येतो. चांगला मुलगा आहे. तिसऱ्या मजल्यावर राहतो.

एक काम कर. तुझी ती जुनी पाकिटं असतील तर पाठव. जरा जास्तच पाठव. पाहुणेरावळे येतात, त्यांना द्यायला बरी. मी मागे लुगड्याबद्दल लिहिलं होतं ते काही एवढं मनावर घेऊ नकोस. म्हातारी माणसं बोलतात.

आते

*

कसाल,
२४ जुलै २०२५

ती. आते,

मार्चात पाकिटं पाठवली तेव्हा चिठ्ठी लिहायला जमलं नाही, आणि त्यानंतर लिहिण्यासारखं काही अभिमानाचं घडलं नाही.

मक्याची पाकिटं आली. देखणी होती. एप्रिल-मेमध्ये खपलीही. पावसात एक दिवस बाजारातल्या किरणने बोलावणं पाठवलं. जाऊन बघते तर त्याच्या फळीवर पाकिटं वितळल्यासारखी एकमेकांना चिकटलेली, वर बुरशी, आणि एका कोपऱ्यात चक्क अळंबं उगवलेलं. किरण शांतपणे म्हणाला, "अक्षदा, तुजो मसालो आता माडाक घालूक व्हयो." कंपनीने सांगितलं होतं, मातीत कुजतं. आपल्याकडे आषाढात हवेतच माती असते, हे मी त्यांना सांगायला विसरले. सगळा माल खरंच माडांना घातला. बाबा आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की आमच्या शहाळ्याला तिरफळाचा वास येतो.

यातून शहाणी झाले. छोटी पाकिटं बंद. मशीनवर चादर टाकलीय. आता काचेची बरणी, मोठी, धुऊन परत द्यायची. झाकण असं घट्ट बसवून घेतलंय की पावसाचा बापही आत शिरणार नाही. वर लेबल: 'सोयीपेक्षा सृष्टी मोठी'. ऱ्हस्वदीर्घ तपासलंय.

गेल्या आठवड्यात इथल्या महिला मंडळात माझं भाषण झालं. मी जाळ्याची गोष्ट सांगितली, तुझं नाव घेऊन. म्हटलं, माझ्या आतेने माझे डोळे उघडले. आपल्याला चमचाभर मसाला काढून घ्यायचाही कंटाळा, म्हणून समुद्राने आपला कचरा खायचा का? टाळ्या बऱ्यापैकी पडल्या. पहिली बरणी तुला पाठवतेय. तुझाच मान आहे.

अक्षदा

*

वेंगुर्ले,
१९ ऑगस्ट २०२५

चि. अक्षदा,

बरणी पोचली. फार सुंदर आहे. खिडकीत ठेवली की तिच्यातून ऊन लाल होऊन येतं. लेबल बिनचूक आहे.

काल बांगड्याचं तिखलं केलं. मसाला इतका झणझणीत की विमला कुंपणापलीकडून शिंकली. तू योग्य तेच केलंस. माझ्यामुळे केलंस म्हणतेस, मला त्याचा अभिमान आहे.

एक विचारायचं होतं. कोठीत कुठे कोपऱ्याबिपऱ्यात जुनी पाकिटं राहिली आहेत का? विमलाला हवी होती. तिला बरणी झेपत नाही. म्हणजे परवडत नाही.

अनुजा पास झाली. तरी सराव म्हणून येते.

आते

*

कसाल,
१४ सप्टेंबर २०२५

आते,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितेय. पहिलं तुझं पत्र आल्याबरोबर लिहिलं होतं. त्यात तुझी थट्टा होती. लोकांना ब्रह्मज्ञान सांगतेस आणि विमलाकाकूच्या नावाने चोरून पाकिटं मागतेस, असं काहीतरी. माझंच वाक्य मला इतकं आवडलं की बाबांना वाचून दाखवलं. टाकायचं राहून गेलं, हे माझं नशीब.

परवा वेंगुर्ल्याच्या दुकानात बरण्या द्यायला आले तेव्हा तुझ्याकडे आले होते ना. मी दारासमोरच्या खळ्यातून जोरात हाक मारली, तू बाहेर आलीस, "न कळवता कशी इलंस गो" म्हणालीस. पण त्याआधी मी एकदा आत येऊन गेले होते. दार उघडं होतं, तुला ऐकू आलं नाही. तू स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होतीस, पाठमोरी. माझी बरणी दोन्ही गुडघ्यांत धरली होतीस आणि डाव्या हाताने फडक्यात झाकण धरून पिळत होतीस. उजवा हात मांडीवर होता. ठेवून दिल्यासारखा. बरणी सुटून घरंगळत चुलीपाशी गेली. तू बसल्या बसल्या सरकत गेलीस, ती आणलीस आणि पुन्हा गुडघ्यांत धरलीस.

मला पुढे यायला हवं होतं. मी मागे गेले. खळ्यात जाऊन थोडी थांबले आणि मग हाक मारली.

तू मला जेवायला वाढलंस. डाव्या हाताने वाढलंस आणि म्हणालीस की उजव्याला हळद लागलीय. तिखलं पिवळं होतं, त्यात हळद-मीठ आणि कोकम. डॉक्टरने तिखट कमी करायला सांगितलंय म्हणालीस. मी दोनदा मागून घेतलं आणि फार छान झालंय म्हटलं. आपण दोघी चांगलं खोटं बोलतो.

निघताना विमलाकाकू माझ्याबरोबर स्टँडपर्यंत आली. मी काही विचारलं नाही, तीच म्हणाली, "माघात झटको इलो तिका. उजवो हात चलना नाय. मंगेशाक कळूक नये म्हणान माका सपथ घातल्यान." मग तिने सांगितलं की पाकिटं होती तोवर तुझं सगळं नीट चाललं होतं. एका टोकाला दात लावायचे, डाव्या हाताने ओढायचं, झालं. बरणी आल्यापासून तू बिनमसाल्याचं जेवतेस. तिने उघडून देते म्हटलं तर ते तुला नको. रोज दुसऱ्याने उघडून द्यायचं झालं तर मंगेशचंच खरं झालं, असं म्हणालीस म्हणे.

आणि मी त्या बरणीवर लिहून पाठवलं होतं, सोयीपेक्षा सृष्टी मोठी. तू रोज ते वाचत असशील. ऱ्हस्वदीर्घ बघितलंस आणि मला बिनचूक म्हणून कळवलंस.

एसटीत बसून मी माझ्या भाषणातलं ते कंटाळ्याचं वाक्य आठवत होते. माझ्या हिशेबी जगात दोनच प्रकारची माणसं होती, मी आणि आळशी. पाकीट कुणाला हात नाही म्हणून लागतं, हे एवढा मसाला विकूनही माझ्या डोक्यात आलं नाही. 'तुझ्यासारख्यांसाठीच' हे मी पहिल्याच पत्रात तुला लिहिलं होतं, तेही गिऱ्हाइकाला सांगायचं म्हणून.

मशीनवरची चादर काढली. सोबत पाकिटं आहेत, जुनीच, चंदेरी थराची, बाबली घेत नाही ती. रिकामी झाली की फेकू नकोस, साठव, मी येऊन नेईन. नेऊन काय करणार ते ठाऊक नाही. कोठीत ठेवीन. त्यांच्यात थोड्या कागदाच्या पुड्याही आहेत, जाड कागदाच्या, गोंद न लावता दुमडलेल्या. एक टोक ओढलं की सुटावी अशी घडी घातलीय. मी उजवा हात पाठीमागे बांधून उघडून बघितली. पहिल्या पुडीचा मसाला बाबांच्या डोक्यावर गेला, नंतरच्या सुटल्या. तुझ्या हाताला कशा वाटतात ते कळव. उरलेल्या बरण्यांची लेबलं खरवडून काढतेय.

मी बाबांना सांगितलेलं नाही, मंगेशदादालाही नाही. सांगायचं की नाही ते तुझं आहे. पण आते, मला तरी आता खोटं लिहू नकोस. मीही वाईट तिखल्याला चांगलं म्हणणार नाही.

अक्षदा

*

वेंगुर्ले,
२ नोव्हेंबर २०२५

अक्षदा,

हे डाव्या हाताने लिहितेय. अनुजाला सुट्टी दिली. अक्षर बालवाडीतलं वाटेल. माझ्या वर्गातल्या पोरांना मी अशा अक्षराला छडी दाखवायची.

तुझं पत्र वाचलं. दोन दिवस तुझा राग आला. बघितलंस याचा नाही, बघून मागे गेलीस याचा. मग वाटलं, पुढे आली असतीस तर मी तुला कधीच क्षमा केली नसती. तेव्हा ते जाऊ दे.

पाकिटं दाताने फाटतात. पुडी एका हाताने सुटते, छान सुटते, पण दमट दिवसांत आत मसाल्याचा खडा होतो. तेव्हा पावसात पाकीट, एरवी पुडी. रिकामी पाकिटं मी डाव्या हाताने धुऊन दोरीवर वाळत घालते. विमला म्हणते, कुणाच्या दारात तोरण असतं, वयनीच्या दारात कचरा. तू पाकिटं न्यायला येशील तेव्हा तूही तिच्याशी भांड. पण कचरा आहे हे खरंच आहे. मी आहे तोवर थोडा होणार, तो तू ठेव.

आता मुख्य. दिवाळीला मंगेश आला होता. मी ठरवलं होतं, त्याला काही दिसू द्यायचं नाही. विमलाला रांधायला बोलावलंही होतं. सकाळी तो बंदरावरून स्वतः बांगडे घेऊन आला, म्हणाला, आई, तुझ्या हातचं तिखलं. मग मी विमलाला परत पाठवलं. त्याला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं आणि त्याच्यासमोर रांधलं. खोबरं त्यानेच मिक्सरला लावलं. मसाल्याची वेळ आली तेव्हा मी पाकीट तोंडात धरलं, फाडलं आणि डाव्या हाताने टोपात ओतलं. तो बघत होता. मी माघातलं सगळं सांगितलं, टोपाकडे बघत, कारण त्याच्याकडे बघून सांगता आलं नसतं.

जेवला पोटभर. नाकडोळे वाहत होते. तिखटाने की कशाने ते मी विचारलं नाही. हात धुऊन आला आणि म्हणाला, "आई, आता पुरे झाला. नाशकाक चल."

मी म्हटलं, चलते. फळीवरची ती बरणी काढ. "ही उघड. उघडलंस की मी येतंय तुज्यावांगडा."

त्याला वाटलं, झालं काम. आधी नुसत्या हाताने, मग फडक्याने. मग गरम पाण्यात उलटी धरली. मग झाकणाखाली सुरी घातली, सुरी वाकली. विमला कुंपणाशी येऊन उभी राहिली, तिचा नवरा आला, त्यानेही ओढून बघितलं. जाळी ओढणारा माणूस, त्याचेही हात लाल झाले. अक्षदा, ते झाकण तू कुणाकडून बसवून घेतलंस, कुणास ठाऊक. संध्याकाळपर्यंत चाललं होतं. शेवटी मंगेश हसायला लागला, मीही हसले. मग तो माझा उजवा हात मांडीवर घेऊन बराच वेळ बसला.

त्याने इथे व्यायाम शिकवायला येणारी बाई बघून दिलीय. विमला रोज सकाळी त्याला फोन करते. घर आहे तिथेच आहे, मीही.

बरणी तो नाशिकला घेऊन गेलाय. म्हणतो, तिकडे नक्की उघडतो. रोज रात्री व्हिडिओवर आधी बरणी दाखवतो, मग माझी चौकशी करतो. तुला फोन करून युक्ती विचारेल. सांगू नकोस.

आते